मडक्यातलं लाल पीठ

ही गोष्ट मी आजवर कुणापुढे काढलेली नाही. बायकोपुढेही नाही — आणि आमची बाई अशी, की मी चोरून खाल्लेला गुळाचा खडा तिला माझ्या पाठीकडे बघून कळतो. मग आज तुम्हाला कावून सांगतोय? तेही धड माहीत नाही. परवा हंगामाच्या सणाला देवळात गेलो, ते मडकं पाहिलं, आणि घरी येऊन जेवलो नाही.

आधी मडक्याचं सांगतो. कड्याच्या पलीकडे माळावर आमची ख्रिस्ती वस्ती आहे. तिथल्या देवळात वेदीशेजारी, लाकडी स्टुलावर एक काळं मातीचं मडकं ठेवलंय. वर पांढरं फडकं. लेकरू आजारी पडलं की आई येते, चिमूटभर पीठ त्यात टाकते, चिमूटभर घेऊन जाते. दुष्काळात देवानं मार्थामावशीचं हे मडकं रिकामं होऊ दिलं नाही, असं लोक सांगतात. लोकांना कुणी सांगितलं? मीच. वस्तीचा उपदेशक होतो मी.

शास्त्रात एक गोष्ट आहे. दुष्काळ पडलेला. एलीया संदेष्टा एका विधवेच्या दारी जातो. तिच्याकडे मूठभर पीठ उरलेलं असतं, त्याची भाकरी ती आधी त्याला देते, आणि मग पाऊस पडेपर्यंत तिच्या मडक्यातलं पीठ सरत नाही. नगरला शास्त्रशाळेत आमच्या गुरुजींनी हे नीट फोड करून शिकवलं होतं — मडकं म्हणजे माणसाचं मन, पीठ म्हणजे देवाचं वचन; शब्दाला चिकटून बसू नका. मला पटलं होतं ते. परीक्षेत तसंच लिहूनही आलो होतो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ तडकले. चिमण्या कुठं गेल्या कुणास ठाऊक. दुपारी वस्तीवर अशी शांतता, की आपल्याच कानात कुणीतरी काहीतरी बोलतंय असं वाटावं. धडधाकट माणसं खडी फोडायला जायची, तिथं खायला सरकारी सुकडी तरी मिळायची. म्हाताऱ्यांनी काय करायचं? मार्थामावशी विधवा, थकलेली. एकुलता एक मुलगा दावीद ऊसतोडीला खाली कारखान्यांकडं निघाला होता. संगं चल, कोपीवर झोपडीत का होईना, पोटाला तरी मिळंल, म्हणून त्यानं आईपुढं दाताच्या कण्या केल्या. ती मला विचारायला आली — मास्तर, त्या बाईचं मडकं खरंच भरत होतं, का ते नुसतं समजून घ्यायचं असतं?

त्या वेळी मला काय आठवलं सांगू? गुरुजी नाही आठवले. देवळातली सतरंजी आठवली. मावशीला वस्तीत मान होता; ती उठली की तिच्यामागं अर्धी वस्ती उठणार, रविवारी सतरंजी रिकामी पडणार, आणि माझी नेमणूक मोडणार.

"लिहिलंय तसंच घडलं, मावशी," मी म्हणालो. "अक्षर न् अक्षर खरं हाय."

ती राहिली. दावीद एकटा गेला.

सोसायटीच्या धान्य दुकानात माप धरायचं काम चेअरमननं मला दिलं होतं — शिकलेला माणूस म्हणून. तिथं सरकारी लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, यायची. एका दुपारी मावशी टँकरच्या रांगेत होती, तेव्हा मी तिच्या घरात शिरलो आणि गोदामातून उचलून दळून आणलेल्या मिलोचं पीठ तिच्या मडक्यात ओतलं. खाली तिचं पांढरं शाळूचं पीठ होतं, अगदी तळाला. दया होती का माझ्या मनात? असेल थोडी. पण मला माझा शब्द खरा झालेला बघायचा होता. संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं. बायामाणसं रांगेनं येऊन मडक्यात डोकावून गेली. रविवारी मी त्याच्यावरच उपदेश केला आणि माझा गळा भरून आला. खोटं नाही सांगत — खरंच भरून आला.

नंतर चेअरमननं गोदामाला दुसरं कुलूप घातलं. मी पुन्हा पीठ घातलं नाही, पण कुलूप हे आपलं निमित्त. घरून दोन मुठी नेता आल्या असत्या की! नेल्या नाहीत.

आणि एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. आधी शेजारणी मावशीला चतकोर भाकरी द्यायच्या, कधी वाटीभर सुकडी. ते बंद झालं. जिच्या घरी देव पीठ घालतो, तिला माणसानं काय द्यायचं?

मी अधूनमधून जायचो. मडक्यात डोकावायचो. लाल पिठावर मावशीनं बोटानं क्रूस काढलेला होता. पुढच्या खेपेला तोच क्रूस. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा तोच — कडा जराशा ढासळलेल्या, आणि त्यावरून मुंग्यांची एक वाट गेलेली. पिठात हात कुणी घातलाच नव्हता. पण धूर मात्र रोज वेळेवर निघायचा तिच्या घरातून. मग ही खात काय होती?

एकदा भर दुपारी तिच्या दारापाशी आलो आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. थप, थप, थप. किती हायसं वाटलं म्हणून सांगू तुम्हाला. वाकून आत बघितलं. चुलीत जाळ होता, वर तवा. मावशी कोरड्या काठवटीत कोरडे तळहात थापत होती. काठवटीत काही नव्हतं. तिनं ते काही नसलेलं दोन्ही हातांवर अलगद उचललं, तव्यावर टाकलं, वरून बोटांनी पाणी लावलं — तवा चर्र वाजला.

तिनं मान वळवली आणि हसली.

"या मास्तर. शेजारणींला आवाज जावा लागतो, न्हाईतर त्या इचारत्यात." मग हळूच म्हणाली, "पांढऱ्यावर लाल पीठ देव कावून घालील? सोसायटीचं हाय ते, मला त्याच दिशी कळलं. पर लोकांनी डोळ्यानं पायलंय. आता मी खाल्लं आन् सरलं, तर तुमचा शबुद खोटा पडंल. लोकं शास्त्रालाच खोटं म्हनतील."

आता सांगा, त्या वेळी माणसानं काय बोलावं? मावशी, खा — एवढंच ना? गुरुजींचा अर्थ तरी तिला सांगायचा, तो तर मला तोंडपाठ होता. तिनं ऐकलं असतं. माझं सगळं ऐकायची ती.

मी म्हणालो, "बरं."

बाहेर पडलो. मागं पुन्हा थप थप सुरू झालं.

पावसाच्या आधीच मावशी गेली. बायकांनी फडकं उचललं, आत पीठ होतं. त्या तिथंच गुडघ्यावर बसल्या, आणि मी प्रार्थना सांगितली. मडकं देवळात न्यायचं मीच सुचवलं. पुढं त्या मडक्यावर मी चांगला नावाजलो, लांबलांबून बोलावणी आली. आंधळं दळतं आन् कुत्रं पीठ खातं म्हणतात. मी तर त्या दळणावर जन्म काढला. पीठ सरलं नाही, असं मी सांगत आलो. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

दावीद आता म्हातारा झालाय. परवा सणाला त्यानंच मडक्यात नवं पीठ घातलं, आणि मला वयाचा मान म्हणून त्यातलं चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवलं. दरवर्षी म्हणतो तेच म्हणाला, "आई उपाशी गेली न्हाई मास्तर, एवढं लई झालं."

मी ते पीठ तोंडात टाकलं, मान हलवली आणि घरी आलो.

दावीदची आई उपाशी मेली. घरात पीठ होतं. तिला खा म्हणू शकेल असा एकच माणूस होता, तो तिच्या दारात उभा होता, आणि तो मी होतो.