परत गेलेला गालिचा

अंबरनाथ पश्चिमेच्या त्या जुन्या इमारतीत जुलेखाबी परकार आता एकटीच राहते. रमजानचा चंद्र दिसला, की तिला हटकून नवरा आठवतो, याकूब. रोजा धरलेला, आणि शाळेच्या बाकावर बसून डुलणारा.

याकूब पालिकेच्या भांडारात होता. शाळांचा माल आला, की मंजूर नमुन्याशी ताडून पास-नापास करायचा. बाक आले, की प्रत्येकावर स्वतः बसायचा, रेलायचा, अंग हलवून बघायचा.

"परकारसाहेब, परत शाळेत नाव घातलं काय?" हमाल टवाळी करायचे.

"पहिलीतलं पोर पडलं, तर कयामतीला माझं नाव घेईल बाबा, तुझं नाही."

त्या वर्षी मशिदीतल्या चटया पार विरल्या होत्या. बाकांचा ठेका बदलापूरच्या हिंदुरावकडे होता. त्याला कुठून सुगावा लागला कोण जाणे! कॅम्प एकच्या बाजारातून गुबगुबीत हिरवा गालिचा आणून त्यानं थेट मशिदीत पोचवला. "याकूबभाईंच्या प्रेमाखातर," एवढंच बोलला. जमात खूश. मशिदीचे विश्वस्त सज्जादचाचा तर याकूबला हाताला धरून पहिल्या रांगेत नेऊ लागले. जन्मात कुणी पुढे बोलावलं नव्हतं त्या माणसाला. ते सुख अंगी लागलं. जुलेखालाही लागलं, खोटं कशाला बोला!

मग एका संध्याकाळी रोजा सोडताना याकूब सहज म्हणाला, "उद्या हिंदुरावचे बाक येतायत. या खेपेला एकेकावर नाय बसत. भला माणूस आहे."

जुलेखाचा खजूर हातातच राहिला.

"अहो, तुम्ही भांडारात नसता, तर त्यानं गालिचा दिला असता?"

"मला कुठे दिलाय? अल्लाहच्या घराला दिलाय."

"मग तुमचं बसणं का थांबलं?"

तिच्या अब्बांनी लहानपणी सांगितलेली गोष्ट तिनं काढली. जकातीचं दान गोळा करायला गेलेला एक जण परतून म्हणाला, हे तुमचं, आणि हे मला भेट मिळालं. पैगंबरसाहेबांनी विचारलं, आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर आली असती ही भेट?

सकाळीच याकूबनं गालिचा हिंदुरावकडे परत धाडायला मशिदीपाशी टेम्पो बोलावला. सज्जादचाचा कडाडले, "अल्लाहच्या घरातली चीज बाहेर काढतोस? शरम नाही वाटत?"

"चाचा, ती माझ्याकडेच आलेली. पत्ता तेवढा मशिदीचा होता."

दुपारी भांडारात तो पहिल्याच बाकावर रेलला आणि बाकाची पाठ करकरली. फळी नमुन्याहून पातळ. सगळा ट्रक नापास.

"भाई, मी काय मागितलं होतं तुमच्याकडे?" हिंदुराव कळवळला.

"कायपण नाही. मीच द्यायला निघालो होतो."

ईदेला जुलेखानं नेहमीसारखा मोठ्या पातेल्यात शीरखुर्मा केला. जमात रुसलेली. दुपारपर्यंत शेजारच्या कुमुदिनीताई तेवढ्या येऊन गेल्या. दारात पाऊल वाजलं, की याकूब टोपी सारखी करी. पाऊल पुढे निघून जाई.

शेवटी त्यानं टोपी काढून खुंटीला अडकवली. "माणसं कमी, चारोळी जास्त," म्हणाला, आणि वाटी पुढे केली.

पुढे जमातीचा राग निवळला. ईदेला घर पुन्हा भरू लागलं. याकूब पाहुण्यांत आणि ती चुलीशी. त्या एका ईदेला मात्र तो दिवसभर तिच्याजवळ बसून होता.