चौदा वेळा मागितलेली परवानगी

ऑफिसात तिला सगळे हातोडीबाई म्हणायचे. पूल तपासणं हे तिचं काम. सव्वीस वर्षं ती पुलांखाली उतरून काँक्रीटवर हातोडीनं टकटक करायची आणि पोकळ आवाज आला की तिथे खडूनं गोल काढायची. जिभेनं फटकळ. कुणाचा अहवाल एक दिवस उशिरा आला तरी चारचौघांत त्याची खरडपट्टी काढायची.

एकदा तिनं नदीवरच्या जुन्या पुलाचं नावेतून चित्रीकरण केलं. तिसऱ्या खांबाच्या माथ्यावर करंगळी आत जाईल एवढी भेग होती. व्हिडिओ एवढा मोठा, की मेलला जोडलाच जाईना. ऑफिसच्या खात्यात जागा नव्हती, म्हणून तिनं तो स्वतःच्या घरच्या खात्यातून क्लाउडवर चढवला आणि त्याची लिंक मुख्य अभियंत्यांना ऑफिसच्या मेलवरून पाठवली. वर लिहिलं, ‘तातडीचं. व्हिडिओ पाहावा.’ भेगेबद्दल अवाक्षर नाही. साहेबांनी डोळ्यांनीच बघावं, असं तिला वाटलं.

आठवडा गेला. पुलावरून बसगाड्या चालूच. फोन करायचं तिच्या मनात आलं नाही. लेखी कळवलं की मागे लागायचं नाही, हा तिचा बाणा. घरी मात्र नवऱ्यापाशी तणतणायची, “एवढं दाखवलं तरी हा माणूस ढिम्म!”

अकराव्या दिवशी दुपारी साहेबांचाच फोन आला.

“बाई, व्हिडिओ बघू द्यायचा नव्हता, तर पाठवलात कशाला?”

“म्हणजे?”

“तो उघडायला तुमची परवानगी लागते. दौऱ्यावरून चौदा वेळा मागितली!”

व्हिडिओ ज्या घरच्या खात्यात होता, त्याचा मेल तिनं उघडला. तिथे ती महिनोन् महिने फिरकत नसे. एकाखाली एक चौदा मेल, सगळे साहेबांचे, परवानगी मागणारे. पहिला तर लिंक पाठवल्यानंतर अकराच मिनिटांनी आलेला. फोन कानाशी धरून ती एकेक मेल खाली सरकवत राहिली.

“बाई? आहात ना?”

“साहेब, पूल बंद करा,” ती कशीबशी म्हणाली. “व्हिडिओ नंतर बघा. आधी पूल बंद करा.”

तासाभरात अडथळे लागले. ती धावतपळत तिथे पोचली, तेव्हा शेवटची बस मागे वळत होती. खिडकीत एक बाई कडेवरच्या बाळाला नदी दाखवत होती. हातोडीबाई कठड्याशी बसली. अकरा दिवसांत अशा किती बस गेल्या असतील, हे मोजायला तिनं सुरुवात केली आणि अर्ध्यातच सोडून दिलं.

कुणाला इजा झाली नाही. उशिराचं कारण विचारलं गेलं, तेव्हा तिनं कागदावर सरळ स्वतःची चूक लिहिली. साहेब म्हणाले, “तांत्रिक अडचण लिहा ना. कशाला ओढवून घेता?”

“फोन करायला कुठली अडचण होती, साहेब?”

साहेब हळूच म्हणाले, “फोन मलाही करता आला असता.”

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. “म्हणजे तू इतके दिवस ज्याला शिव्या घालत होतीस...”

“हो,” ती म्हणाली, आणि ताट तसंच ठेवून उठली.