उसनी बोटं

विमानाच्या झाकणांच्या त्या शेडमध्ये एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं: मावशींसारखी नशीबवान सासू शोधून सापडायची नाही. दिवसातून कितीदा तरी त्यांची सून आपलं टेबल सोडून पाण्याचा पेला घेऊन यायची, मावशींच्या खांद्याला खांदा लावून उभी राहायची, दोघी मिळून झाकणावर वाकायच्या, आणि मग ती पेला घेऊन परत जायची. पेला भरलेलाच परत जायचा, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कौतुकाच्या भरात पेल्यात कोण डोकावतो?

"आमची बया पाणी राहू दे, मी जिवंत आहे का तेवढंसुद्धा विचारत नाही," असं शेजारच्या टेबलावरची बाई सारखी म्हणायची. हिला शेडमध्ये रेडिओ म्हणत. फरक एवढाच, की रेडिओ बंद करता येतो.

खरी गंमत अशी, की घरी या सासू-सुनेत "दिवा घालवू का?" याच्या पलीकडे संभाषण जात नसे. मावशींचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, रसद नेणाऱ्या बोटीवर मेकॅनिक होता. बोट बुडाली, बातमी आली, आणि दोघी आपल्या कामावर गेल्या. मावशींच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. त्यावर शेडमध्ये दोन तट पडले. एक म्हणे बाई खंबीर आहे, दुसरा म्हणे दगड आहे. मावशींना दोन्ही ऐकू यायचं. त्यांना कुठल्याच तटाचं काही वाटायचं नाही. कुणीतरी दुसऱ्याच बाईबद्दल बोलतंय, असं वाटे.

तर झाकण. लढाऊ विमानात वैमानिकाच्या डोक्यावर जो पारदर्शक घुमट बसतो, तो. त्याला एक भारदस्त नावही होतं, पण ते फक्त साहेब फेरीला आले की तोंडात यायचं. पाहणारे त्याला काच म्हणत, आणि ती काचही नव्हती. जाड प्लास्टिकचा तक्ता भट्टीत तापवायचा, ओल्या कातड्यासारखा लुळा पडला की साच्यावर ओढायचा आणि गार होईतो चौघांनी चार बाजूंनी धरून ठेवायचा. आधीची झाकणं बसक्या माथ्याची होती, त्यांना आडव्याउभ्या पट्ट्या असत. वैमानिकाने मान वळवली की डोकं आपटायचं, आणि शत्रू नेमका पट्टीआड लपायचा. म्हणून हे नवं फुगीर आणि बिनपट्टीचं. ते कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, घासून घासून ते धूळ ओढून घेतं. साबणाचं पाणी आणि मऊ कापड. एक ओरखडा जरी राहिला तरी आभाळात तो लांबच्या विमानासारखा दिसतो, आणि वर माणूस ओरखड्याशी लढत बसतो.

झाकण तीन रुळांवर मागे सरकतं. दोन बाजूंना दोन, विमानाच्या पाठीवर एक. जमिनीवर असताना एका हाताने सरकतं, पण भरधाव वेगात वारा त्याला असा धरून ठेवतो की भीमाने जोर लावला तरी हलायचं नाही. म्हणून आत, माथ्याशी, एक रबरी चेंडू लोंबत ठेवलेला असतो. तो ओढला की तारेने दोन्हीकडच्या खुंट्या निघतात. मग कोपरांनी कडेला वर रेटा द्यायचा. कडेखाली वारा शिरतो आणि झाकण उचलून घेऊन जातो. मग आतला माणूस उडी मारायला मोकळा. पण खुंटीच्या भोकाशी धातूचं एवढंसं कुसळ राहिलं, तर खुंटी अडते. झाकण जागेवर राहतं आणि माणूसही.

ते कुसळ डोळ्यांना दिसत नाही. बोटाला कळतं. शेडमधलं शेवटचं बोट मावशींचं. त्यांनी ते फिरवून खडूची खूण केली, की झाकण लॉरीवर चढायचं.

आणि हिवाळ्यापासून मावशींच्या बोटांना काही म्हणजे काहीच कळत नव्हतं.

झालं होतं असं. बोटीची बातमी आली त्याच आठवड्यात भट्टीवर माणसं कमी पडली आणि मावशींना तिकडे उभं केलं. मऊ तक्त्यावर हातमोज्याची वीण उठते आणि अख्खं झाकण वाया जातं. दोन गेली. तिसऱ्याला मावशींनी मोजे काढले आणि उघड्या हातांनी कड धरली. बाकीचे ओरडले तेव्हा त्यांनी हाताकडे पाहिलं. त्यांना दुखलं नव्हतं. फोड आले, गेले, कातडी नवी आली, पण बोटांच्या टोकांचा जीव गेला तो गेला. पहिल्यांदा सुनेच्याच ते ध्यानात आलं. घरी मावशी गरम पातेलं चिमट्याशिवाय उतरवत होत्या.  दुसऱ्या दिवशी ती पाण्याचा पेला घेऊन आली.

असं चाललं होतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मधे भट्टीवाला आला.

भट्टीवाला तसा सरळ माणूस, चाळिशीकडे झुकलेला, एकटा. कापून उरलेल्या तुकड्यांमधून तो जेवणाच्या सुटीत कंगवे आणि अंगठ्या करायचा, दंतमंजनाने घासून अशा चमकवायचा की हिरा लाजेल. कंगवा शेडमधल्या प्रत्येक बाईला मिळाला होता. कंगव्याचा काही अर्थ नसायचा. अंगठी मात्र त्याने कुणालाच दिली नव्हती, आणि ती एके दिवशी सुनेच्या एप्रनच्या खिशात निघाली. रेडिओने चहा व्हायच्या आत ती शेडभर वाजवली.

त्याची लांबच्या नव्या कारखान्यात बदली झाली होती. तो स्वतः मावशींकडे आला, टोपी हातात घेऊन.

"मावशी, मी तिला विचारलं. ती नाही म्हणाली."

"मग मला कशाला सांगतोस?"

"कारण विचारलं तर म्हणते, कामाचं आहे. काम तर तिकडेही आहे की!"

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. नाकाच्या शेंड्यावर काजळी होती. "तोंड धू आधी," त्या म्हणाल्या. "मग बघू."

रात्रीची जेवणं उरकल्यावर त्यांनी सुनेला विचारलं, "माझ्या बोटांपायी नाही म्हणालीस?"

"झोपा आता, आई."

म्हणजे होच, असं मावशी समजल्या. मुलगी अजून तिशीची नाही, आणि आपल्या टेबलाला जखडून राहणार. बोटांचं सांगावं तर टेबल जाणार. शेड सोडली तर घरात दिवसभर काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलाचे बूट अजून दाराशी होते. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि काही ठरवलं नाही.

पुढच्याच आठवड्यात सुनेला ताप भरला आणि ती घरी राहिली. इकडे झाकण टेबलावर आलं. लॉरी दारात घुरघुरत होती. मावशींनी बोट फिरवलं, कापसावरून फिरवल्यासारखं. मग त्यांना सुचलं, की लेकराचा ताप आपण ओठांनीच तर बघायचो. त्या वाकल्या आणि खुंटीच्या भोकाला ओठ लावले, आधी उजवीकडे, मग डावीकडे. गार लागलं, धातूची चव आली, बाकी काही कळलं नाही. त्यांनी खूण केली.

"अगबाई!" रेडिओ किंचाळली. "मावशी झाकणाचा मुका घेतायत! अहो मावशी, आत बसणारा कोण आहे, लग्नाचा आहे का, चौकशी तरी करायची!"

सगळी शेड हसली. मावशींनीही तोंड हसल्यासारखं केलं. त्यांनी लॉरीकडे पाहिलं. झाकण चढवत होते. आत बसणारा कोण आहे, हे त्यांनी खरंच कधी मनात आणलं नव्हतं. असेल कुणाचा तरी. त्याची आई कुठल्याशा शेडमध्ये असेल.

त्या तशाच मुकादमाच्या खोलीत गेल्या. मुकादम डबा उघडून बसला होता.

"माझी बोटं मेलीत," मावशी म्हणाल्या.

"काय मेलीत?"

"बोटं. भाजल्यापासून. काही कळत नाही त्यांना."

मुकादमाचा घास हातातच राहिला. "मग आजवर खूण कोण करत होतं?"

"खूण माझीच. बोट सुनेचं. उसनं."

"पाणी पाणी करत यायची ती?"

"मला कुठली एवढी तहान?"

"आणि आजचं? ती तर आज नाही."

"आजचं ओठाने बघितलं. लॉरी थांबवा."

मुकादम उठला तो डब्याचं झाकण बुटाखाली चेपतच बाहेर धावला. लॉरी फाटकाशी अडवली, झाकण उतरवलं. तपासायला दुसरं बोट नव्हतं, म्हणून सुनेला तापात शाल गुंडाळून आणलं. तिने डाव्या भोकात बोट घातलं, फिरवलं, परत फिरवलं.

"आहे," ती म्हणाली. बोट बाहेर काढलं, त्यावर रक्ताचा बारीक थेंब होता.

 मुकादमाचा आवाज चढला. "मावशी, आईच्या जागी मानतो तुम्हाला, नाहीतर..."

"नाहीतर काय ते बोलून टाका. कान शाबूत आहेत माझे."

तो बोलला. सगळं बोलला. आणि शेवटी जे बोलला त्याने सुनेला मोकळी करायचा मावशींचा बेत पार उलटा झाला. त्यांना पुढच्या खोलीत, लाकडी सांगाड्यातल्या खुर्चीवर पाठवलं. तिथे बसून चेंडू ओढायचा, कोपरांनी रेटायचं आणि झाकण वरच्या जाळ्यात उडतं का ते बघायचं, त्याला बोटं लागत नाहीत. आणि मावशींचं टेबल सुनेला. "असलं बोट मी कुठे जाऊ देणार नाही. लढाई संपेतोवर हलायचं नाव नाही," तो म्हणाला. जाता जाता सुनेकडे बघून पुटपुटला, "नवऱ्याची बदली असेल तरच बाईला सोडतात. तुला तर तेही..." आणि जीभ चावली.

घरी सुनेने शाल खुंटीला टांगली आणि बऱ्याच महिन्यांनी आवाज चढवला.

"मला विचारलंत? एका शब्दाने?"

"तुला मोकळी करावी म्हटलं."

"कशातून?"

"माझ्या बोटांतून. त्यापायीच नाही म्हणालीस ना त्याला?"

"तुम्हीच ठरवलंत ते." सून खाटेवर बसली. तापाने तिचे डोळे लाल होते. "तुमच्या टेबलाशी उभी राहते ना मी, तेवढा वेळ कुणाचा तरी खांदा लागतो मला. इथे आपण काय बोलतो? तिकडे तेवढं तरी होतं. ते सोडून कुठे जाऊ?"

मावशी उभ्याच होत्या. अशा वेळी काहीतरी व्हायला हवं, एवढं त्यांना कळत होतं. काही झालं नाही. त्या खाटेवर तिच्या शेजारी बसल्या.

"बोटं मेलीत माझी," त्या म्हणाल्या. "खांदा नाही. कळायचं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? इकडे सरक म्हणू?"

सून हसली. ते हसू खोकल्यात गेलं. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताला काही कळलं नाही, तरी ठेवला.

"आपण दोघी अशाच उभ्या राहू," त्या म्हणाल्या. "मी म्हातारी होईन, मग तू होशील. तो माणूस काजळी पुसायला विसरतो, बाकी बरा आहे. मुकादमाने वाट सांगितलीये. तो जायच्या आत सह्या कर."

"तुम्हाला मी जावंसं वाटतं?"

मावशींनी खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. "मला अलीकडे काहीच वाटत नाही, बाई. पण तू गेली नाहीस, तर तुलाही वाटेनासं होईल. ते मला दिसतंय."

शुक्रवारी सरकारी कचेरीत लग्नाच्या सह्या झाल्या. रेडिओ साक्षीदार म्हणून आली आणि सही करताना प्रथमच गप्प बसली. मुकादमाने कागद पाहून कपाळावर हात मारला, तीन वेळा शिवी घातली आणि सुनेला सोडलं. तिच्या जागी भट्टीवरची एक पोर आणली. मुकादमाने तिची बोटं स्वतः तपासली.

सोमवारी मावशी सांगाड्यात बसल्या होत्या. वर झाकण बसवलं की बाहेरचा गोंगाट एकदम दबायचा, सगळे तोंड हलवताना दिसायचे. तेवढ्यात रेडिओ शिडी चढून आली आणि कडेवर टकटक केली. मावशींनी झाकण थोडं मागे सरकवलं.

"स्टेशनवर रडलात का?" रेडिओने हळू विचारलं. हळू म्हणजे तिच्या मानाने.

"ती रडली. तोही रडला, मूर्ख."

"आणि तुम्ही?"

"मी त्यांच्या ट्रंकेवर बसले होते. कुणी चोरू नये म्हणून."

"मावशी, खरं सांगा हो."

 "गाडी सुटली तरी मी ट्रंकेवरच होते," मावशी म्हणाल्या. "मग हमाल म्हणाला, मावशी, उठा, तुम्ही नुसत्याच बसलाय, ट्रंक तर गाडीत गेली. मी बाकड्यावर होते. ट्रंक काढताना मला तिथे कधी बसवलं, ते कळलंच नव्हतं."

 खालून मुकादम ओरडला, उडवा ते झाकण, पुढचं थांबलंय. मावशींनी तिला खाली उतरायला सांगितलं, झाकण पुढे ओढून लावलं, आणि खुंट्या बसल्या की नाही ते पाहायला मान वळवली.