आम्ही

शेजारचे अण्णा अंथरुणाला खिळलेत, म्हणून बघायला गेलो. त्यांचा मुलगा खोलीच्या दारात नाकाला रुमाल लावून उभा होता. "आम्ही अण्णांचं सगळं घरीच करतो," तो रुमालातूनच म्हणाला. आत, रोज घरी येणाऱ्या सिस्टर अण्णांच्या पाठीची जखम पुसत होत्या. "आता आपण कूस बदलू या हं, आजोबा."

'आपण' म्हटलं की समोरचा माणूस त्यात येतो, 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहतो. या गृहस्थाच्या 'आम्ही'त तर तो स्वतःही नव्हता. 'आम्ही घर बांधलं' म्हणणाऱ्याच्या हाताला सिमेंट लागलेलं नसतं, ते चालून जातं. पण बापाची पाठ पुसल्याचं श्रेय कुणी असं लाटायला लागला की किळस येते, आणि ती जखमेची नसते. अण्णांच्या वाढदिवशी यानंच त्यांच्या पायांवर डोकं ठेवून काढलेला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता.

"दादा, जरा पाय धरता का यांचे?" सिस्टरनी मान वर करून त्याला विचारलं.

कुणाला सांगतायत म्हणून त्यानं मागं वळून पाहिलं. मागे मी उभा होतो.