दहा कोरे पंचनामे

माझ्या दुकानातून एक पळी बाहेर गेली तरी ती मोजून जाते. मंडप आणि भांडी भाड्यानं देण्याचा धंदा मी सव्वीस वर्षं करतो आहे. पातेली, झाकणं, पराती, वाट्या, सतरंज्या, दोरखंड, खुंट्या. प्रत्येक लग्नाची वेगळी यादी, दोन प्रतींत. माल नेणाऱ्यानं समोर मोजायचं आणि मगच सही करायची. नवरदेवाचा मामा घाईत असतो. तो म्हणतो, "लिवा हो काय बी, विश्वास हाय तुमच्यावर." मी म्हणतो, "माझा तुमच्यावर न्हाई. मोजा."

हे आधी सांगतो, म्हणजे पुढं मी जे केलं त्याला नकळत झालं असं कुणी म्हणू नये.

आमच्या भागाला एक पोलीस जमादार होता. दारूच्या छाप्याला दोन बाहेरची माणसं पंच म्हणून लागतात. पोलिसांना काय सापडलं ते त्यांनी डोळ्यांनी बघायचं, पंचनाम्यावर सही करायची, आणि जप्त बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांवरही करायची. गावात सही सरळ येणारा, कोर्टात तारखेला हजर राहणारा माणूस म्हणून जमादारानं मला धरलं. दुसरा पंच ठाण्यासमोरचा चहावाला. तो कुठल्याही दिवशी कुठल्याही पंचनाम्यात हजर असायचा.

पहिल्या वर्षी मी नऊ छाप्यांना गेलो. सवयीप्रमाणे वहीत लिहिलं. नऊपैकी सहा वेळा ओढ्याकाठची एकच म्हातारी आणि तिचा पाच लिटरचा एकच निळा कॅन. हातभट्टी ओतून द्यायची, नमुन्याची बाटली लाखेनं बंद करायची, म्हातारीला जीपमध्ये बसवायचं. जाताना आमची जीप फाट्यावरच्या पानटपरीजवळून जायची. तालुक्याच्या परवाना असलेल्या दुकानातून देशीचे खोके मोटारसायकलवर त्या टपरीत रोज यायचे. परवाना दुकानाच्या पत्त्यापुरता असतो. दहा मैलांवरच्या टपरीत ती बाटली विकली की तोही गुन्हाच. हे मला जमादारानंच एकदा समजावून सांगितलं होतं, टपरीसमोर उभं राहून, टपरीवाल्याचं पान खात.

मी ऐकून घेतलं. लग्नसराईत लाऊडस्पीकरची परवानगी त्याच्याच ठाण्यातून निघायची.

छाप्यांना जाण्याचा मात्र मला कंटाळा आला. ऐन हळदीच्या दिवशी बोलावणं यायचं, मंडप अर्धा उभा, आणि मी ओढ्याकाठी. तेव्हा तोडगा मीच काढला. जमादारानं नाही, मी. म्हणालो, "साहेब, छापील फॉर्म आणा. दहा करून ठेवतो. चिठ्ठ्या बी त्यालाच टाचा. दरवेळी मला उठवू नका."

तो हसला. "मालक, तुमच्यासारखा हिशोबी माणूस बघितला न्हाई."

मी दहा कोऱ्या पंचनाम्यांच्या शेवटी सह्या केल्या, चिठ्ठ्यांवर केल्या, पेनाचं टोपण लावलं आणि सतरंज्या मोजायला गेलो. वहीत त्याची नोंद केली नाही. पळीची नोंद करणाऱ्या माणसानं ही नोंद केली नाही.

त्याच उन्हाळ्यात गावातल्या एका बाईनं टपरीविरुद्ध अर्ज दिला. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. अर्जावर एकवीस बायांचे अंगठे आणि सह्या होत्या. ती स्वतः ठाण्यात गेली, पोच मागितली, ती मिळेपर्यंत बाकावर बसून राहिली. सगळं गाव तिच्या त्या बसण्यावर हसलं. मीही हसलो.

पंधरा दिवसांनी तिच्या घराच्या सरपणाखाली देशीच्या चौदा बाटल्या "विनापरवाना विक्रीसाठी बाळगलेल्या स्थितीत मिळून आल्या". दारूबंदी कायद्याची केस झाली. शाळेच्या समितीनं दुसऱ्याच दिवशी तिला कामावरून बंद केलं. निकाल लागेपर्यंत, असं म्हणाले. तिच्या जागी टपरीवाल्याची भावजय आली.

केसचे कागद हातात पडले तशी ती माझ्या दुकानात आली. मी वाट्या मोजत होतो. तिनं पंचनाम्याची झेरॉक्स वाट्यांवर ठेवली.

"भाऊ, ही सही कुणाची?"

माझी होती. वेळ दुपारी चारची लिहिलेली.

"तुमी आलते माझ्या घरी?"

"न्हाई."

"मोजल्याबिगर चमचा देत न्हाईत तुमी. मंग हितं सही काहून केली?"

मी उगीच वाट्या परत पहिल्यापासून मोजायला लागलो. ती म्हणाली, "मोजा, मोजा. बाटल्या चौदा हायत, त्या बी मोजून घ्या." आणि गेली.

ती गेल्यावर मी वही काढली. त्या दिवशी मी घाटनांदूरला होतो. लग्नाचा परत आलेला माल साडेतीन ते सहा मोजून घेतला होता. वाट्या चार कमी, एका पातेल्याला पोचा. खाली नवरीच्या काकाची सही, वेळेसकट. तिची सुटका होती त्या पानात, पण आधी मला अडकवून.

जमादाराला गाठलं. तो टपरीवरच होता.

"साहेब, ही केस मागं घ्या. मी तिथं नव्हतो."

"मंग सही कुणी केली? तुमच्या भुतानं?"

"कोऱ्या फॉर्मवर केलती. तुमाला माहीत हाय."

"हे कोर्टात सांगनार?" त्यानं पिचकारी टाकली. "सांगा की. सरकारी कामात कोऱ्या कागदावर सह्या देतो म्हना. आन् मालक, सोळा तारखेला तुमचा मंडप हाय ना? स्पीकरची परवानगी मागायला येऊ नका. मला लिवता-वाचता येत न्हाई असं समजा."

टपरीवाला हसला. "लई कायदा वाचत बसू नगा, मालक. डोळे जातेत."

त्या हंगामात माझ्या तीन मंडपांना स्पीकरची परवानगी मिळाली नाही. तिन्ही घरांनी पुढच्या वर्षी दुसरा मंडपवाला बघितला. म्हणजे मला किंमत मोजावी लागली, असं मी काही दिवस स्वतःला सांगत होतो. शाळेवरून जाताना दुसरीच बाई खिचडी वाढताना दिसायची. मग मी रस्ता बदलला. तेही सांगून टाकतो.

केस उभी राहायला तीन वर्षं लागली. आता झडतीचं मोबाइलवर चित्रण करावं लागतं म्हणतात. तेव्हा कागद म्हणेल तेच घडलं असं धरायचे. चहावाल्यानं आधीच साक्ष दिली होती: सगळं माझ्या समोर झालं, बाटल्या मी मोजल्या. मग माझं नाव पुकारलं.

सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवला. "सही तुमची आहे?"

"माझी आहे."

"मजकूर बरोबर आहे?"

"सही केली तेव्हा मजकूर नव्हता. कागद कोरा होता."

वकिलांनी चष्मा काढला आणि मला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली. आपल्याच बाजूवर उलटलेल्या साक्षीदाराला कोर्टात फितूर म्हणतात. मग त्यांनी मला झोडपलं. आरोपीकडून काय घेतलं? पोलिसांशी वैर आहे का? इतके दिवस गप्प का होता? बाईच्या वकिलानं मी दिलेलं वहीचं पान पुढं केलं. न्यायाधीशबाईंनी ते वाचलं. पोच्याची नोंदही वाचली असावी, कारण त्या मध्येच थांबल्या.

"चार वाट्यांची नोंद ठेवता. पंचनामे किती कोरे दिले, त्याची ठेवली?"

"नाही."

"का?"

"सोय म्हणून दिले होते. माझी सोय."

त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. तो शब्द माझ्या साक्षीत आहे.

बाई सुटली. निकालात संशयाचा फायदा असं लिहिलं होतं. तिला ते आवडलं नाही. "संशय कसला? मी केलंच न्हाई," असं ती वकिलाला ऐकवत होती, आणि तो पुढच्या केसचे कागद चाळत होता. जमादाराची तोवर बदली झाली होती. टपरी चालूच होती. आजही आहे.

निकालाची नक्कल घेऊन ती शाळेच्या समितीकडं चार वेळा गेली. जूनमध्ये पळी परत तिच्या हातात आली. त्याच आठवड्यात शाळेचं मोठं पातेलं गळायला लागलं म्हणून ती माझ्याकडं भाड्याचं घ्यायला आली. पातेलं एक, झाकण एक, उलथणं एक. तिनं तिन्हींवर बोट ठेवून मोजलं आणि सही केली. मग तिथंच उभी राहिली.

"कोरे कागद किती दिलते?"

"दहा."

"वापरले किती?"

"मला समन्स आलेत चार केसचे. तुमच्यासकट."

"मंग सहा कुठं हायत?"

"जमादाराकडं असतील. न्हाईतर ठाण्यात."

"म्हंजी अजून सहा बायांच्या सरपणाखाली बाटल्या निघनार." तिनं पातेलं कडेवर घेतलं. "परत आनायचं बघा. तुमचाच माल हाय तो."

मी बीडला गेलो, पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात. अर्ज लिहून नेला होता: माझ्या सहीचे दहा कोरे पंचनामे अमुक जमादाराला दिले, चार वापरले गेले, उरलेल्या सहांपैकी कुठलाही निघाला तर त्यातलं मी काहीही पाहिलेलं नाही. सोबत वहीच्या पानाची प्रत, साक्षीची नक्कल, निकालाची नक्कल. आवक खिडकीवरच्या कारकुनानं अर्ज वाचला आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"काका, हा तुम्ही स्वतःच्याच विरोधात दिलाय."

"हो. पोच द्या."

"ठेवून जा. साहेब बघतील."

"सोबत तीन कागद आहेत," मी म्हणालो. "मोजा. आणि मग शिक्का मारा."

तो वैतागला. बाहेर एक बाक होतं. मी त्यावर जाऊन बसलो.