डाव्या टोकाची अकरा मिनिटं

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, मी महिला रग्बी लीगमधून निवृत्त होत आहे. हा निर्णय पूर्ण विचारांती घेतलेला असून त्यामागे कोणाचाही दबाव नाही, डावा गुडघा सोडून. चाहत्यांनी शोक आवरावा. पुष्पगुच्छ पाठवू नयेत. चकल्या पाठवल्यास हरकत नाही.

माझी कारकीर्द अकरा मिनिटांची झाली. तेवढ्यात बॉल एकदा माझ्या हातात आला आणि मी एकदा जमिनीवर आले. एवढ्या भांडवलावर मी आता वर्षभर लोकांना जेवायला बोलावून हे ऐकवते आहे.

श्रेय मात्र माझ्या नवऱ्याचं आणि त्याच्या ऑर्डनरचं. ऑर्डनर म्हणजे जाड पुठ्ठ्याची, आत लोखंडी कड्या असलेली फाईल. आम्ही ब्राउनश्वाइगला आलो त्या वर्षी परदेशी लोकांच्या कार्यालयाने त्याला चार वेळा परत पाठवलं. एकदा फोटोत तो हसत होता, एकदा झेरॉक्स कमी पडली, एकदा सही निळ्या शाईत नव्हती आणि एकदा एक चौकट रिकामी राहिली होती. त्या चौथ्या वेळेचा त्याने धसका घेतला. तेव्हापासून या माणसाने कुठल्याही अर्जातली कुठलीही चौकट रिकामी सोडलेली नाही, आणि घराबाहेर पडताना ऑर्डनर त्याच्या बगलेत असतो. बाजारात जातानासुद्धा.

लेक सोळा वर्षांची असताना रग्बी क्लबचा अर्ज घेऊन घरी आली. सहा पानी. पहिली दोन पानं तिच्यासाठी होती. पुढे कुटुंबातल्या इतर सदस्यांची माहिती आणि त्यांची खेळाडू म्हणून नोंदणी, हवी असल्यास. "हवी असल्यास" हे शब्द माझा नवरा वाचत नाही. त्याने सहाच्या सहा पानं भरली. व्हिसाचे उरलेले फोटो लावले, ज्यांत मी फरार गुन्हेगार दिसते. मला डॉक्टरांकडे नेऊन तंदुरुस्तीचा दाखला घेतला. डॉक्टरांनी विचारलं, कुठला खेळ? हा म्हणाला, ते नंतर बघू.

तीन आठवड्यांनी टपालाने दोन खेळाडू-पास आले, एक लेकीचा आणि एक माझा. याचा स्वतःचा अर्ज मात्र साभार परत, कारण संघ मुलींचा होता. पण माझा पास त्याने पुढे दर वर्षी न चुकता वाढवून घेतला, कारण मुदत संपत आल्याचं पत्र यायचं, आणि पत्राला उत्तर द्यायचं असतं.

आता खेळाबद्दल थोडं. रग्बी लीग हे तेरा जणींचं रग्बी. ज्या बाईकडे बॉल असेल तिला समोरच्या बायका पाडतात. पडलेली बाई उठते, बॉल जमिनीवर ठेवते आणि पायाने मागे सरकवते. मागे उभी असलेली तिच्या संघातली एक जण तो उचलते आणि खेळ पुढे चालू. आमच्या संघात ती मागे उभी असणारी म्हणजे माझी लेक. अंगाने किरकोळ, पण बॉल उचलून ती कुठल्या फटीतून निसटेल याचा नेम नाही. लहानपणी जेवायच्या वेळी अशीच निसटायची.

जर्मनीत या खेळावर कुणाचं घर चालत नाही. इंग्लंडमध्ये एक क्लब होता, जो मुलींना पगार देऊन खेळवत होता. लेकीने त्यांना व्हिडिओ पाठवले. त्यांच्या कोच बाईंचं उत्तर आलं की व्हिडिओ चांगले आहेत, पण मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाला घेत नाही. एक सामना बघायला येते. मे महिन्यातला एक शनिवार ठरला. त्याच संध्याकाळी त्यांचं परतीचं विमान होतं, आणि त्यांच्या संघात जागा एकच होती. लेक आमच्याशी नेहमी जर्मनमध्येच बोलते. त्या आठवड्यात ती बोलण्याऐवजी बूट घासत होती.

शनिवारी सकाळी आम्ही मैदानावर पोचलो. इथल्या रिवाजाप्रमाणे केक विकायचं टेबल आयांकडे होतं. मी नारळ घातलेला रव्याचा केक कापत होते. कोच बाई आल्या होत्या: बुटक्या, पिवळ्या रेनकोटातल्या, हातात थर्मास. आणि तेव्हाच कळलं की आमच्या दोन मुली हानोफरच्या अलीकडे शेतात थांबलेल्या ट्रेनमध्ये बसून आहेत आणि तिसरी तापाने घरी आहे. राहिल्या बारा. आमच्या स्पर्धेचा नियम असा की सुरुवातीला तेरा जणी उभ्या नसतील तर सामना होत नाही. गुण समोरच्यांना आणि सगळे घरी. आमचा ट्रेनर, एरवी शाळेत भूगोल शिकवणारा मवाळ माणूस, नियमाचं पुस्तक पुन्हापुन्हा वाचत होता, जणू पाचव्या वाचनात काही वेगळं छापून येईल.

लेक बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती, सोडत होती, परत बांधत होती. कोच बाईंनी घड्याळ बघितलं.

तेवढ्यात माझा नवरा केकच्या टेबलामागून उठला. "आल्झो," म्हणाला, म्हणजे 'तर मग'. निकाल वाचायच्या आधी न्यायाधीश खाकरतात, तसा. ऑर्डनर उघडला, प्लास्टिकच्या पाकिटातून पास काढला आणि ट्रेनरच्या हातात ठेवला. ट्रेनरने पास बघितला. मग मला बघितलं. मग परत पास.

मी मराठीत म्हटलं, "अहो, मी एकोणपन्नास वर्षांची आहे."

"अगं, वयाची चौकट भरलीय मी," तो म्हणाला. "कुणी हरकत घेतली नाही."

लेक उठून आली. तुझी इच्छा नसेल तर नको, असं काहीसं जर्मनमध्ये पुटपुटली, पण डोळे माझ्या हातातल्या सुरीवर होते. मी सुरी नवऱ्याच्या हातात दिली.

रेफरीने माझ्या बांगड्या, कुड्या, मंगळसूत्र सगळं उतरवायला लावलं. मंगळसूत्र नवऱ्याने पासाच्या रिकाम्या पाकिटात घालून ऑर्डनरला लावलं. मला जी जर्सी मिळाली तीत मी दोनदा मावले असते. ट्रेनरची आज्ञा एकच होती: डाव्या टोकाला उभं राहा, काही करू नका, ट्रेन हलली, मुली पुढच्या स्टेशनावरून टॅक्सीने येताहेत. आयुष्यात एवढी सोपी आज्ञा मला कुणी दिली नव्हती. दहा मिनिटं मी ती अक्षरशः पाळली.

अकराव्या मिनिटाला समोरच्यांनी बॉल उंच मारला आणि तो माझ्याकडे आला. मी झेलला. यात शौर्य काही नाही. ज्या घरात मूल पहिली तीन वर्षं वाट्या फेकतं, त्या घरातली बाई अंगावर येणारी वस्तू झेलतेच. झेलल्यावर सगळे ओरडायला लागले, म्हणून मी धावले. पाच पावलं. मग एका धिप्पाड मुलीने मला मिठी मारली आणि अलगद खाली ठेवलं. सामन्याआधी तिने माझ्या केकचे दोन तुकडे खाल्ले होते. पाडता पाडता ती माफ करा म्हणाली, तेही 'झी', म्हणजे जर्मन 'आपण', लावून. आदरार्थी बहुवचनात पाडली गेलेली या स्पर्धेतली मी पहिलीच असेन.

मी उठले. बॉल ठेवला. पायाने मागे सरकवला. आणि इथे चाळीस वर्षांचे संस्कार आडवे आले. पाय लागला की आपला हात काय करतो, तुम्हाला माहीत आहे. बॉल केव्हाच मागे गेला होता, तरी मी वाकले, जिथे तो होता तिथलं गवत शिवले आणि बोटं दोन्ही डोळ्यांना लावली.

समोर उभ्या असलेल्या दोन मुलींना वाटलं, बाईंच्या डोळ्याला लागलं. धिप्पाड मुलगी धावायची थांबली आणि रेफरीकडे बघत हात वर केला. दुसरी माझ्या तोंडाशी वाकून डोळा तपासायला लागली. रेफरीला मात्र मला काही झालेलं दिसलं नव्हतं, तेव्हा शिट्टी वाजली नाही. आणि त्या दोघींच्या मधून, मी अजून डोळ्यांना बोटं लावून उभी असताना, माझी लेक निघून गेली.

ती साठ मीटर धावली. शेवटी एकटी राखणदार उरली होती, तिला तिने एका बाजूला झुकून दाखवलं आणि दुसऱ्या बाजूने काढता पाय घेतला. रेषेपलीकडे बॉल टेकवला तेव्हा मी अजून तिथेच होते आणि धिप्पाड मुलगी मला विचारत होती की पाणी हवंय का.

तेव्हाच टॅक्सी आली. मला बाहेर बोलावलं गेलं आणि मी दोन्ही हात उंचावून, सावकाश, प्रेक्षकांना मान लववत मैदान सोडलं. प्रेक्षक तीस-एक असतील, त्यातले सहा केक खाण्यात गुंतलेले. समोरच्या संघाच्या ट्रेनरने तक्रार केली. रेफरीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, डोळ्यांना हात लावू नये असा नियम त्याला ठाऊक नाही.

पण खरं सांगते, त्या एका धावेवर काही ठरलं नसतं. उरलेला सारा वेळ लेक जे खेळली त्यात माझा काही वाटा नव्हता. तिने आपल्या दीडपट मुली पाडल्या, नाक फुटलं तर कापूस खुपसून परत आली, आणि शेवटी आम्ही दोन गुणांनी जिंकलो. कोच बाई थर्मास उघडायला विसरल्या होत्या.

त्या सरळ केकच्या टेबलापाशी आल्या आणि बॅगेतून कागद काढले. येतानाच आणले होते म्हणे. सामना झाला नसता तर तसेच परत नेले असते. लेकीने माझा हात धरला, मातीने बरबटलेल्या हाताने, आणि सोडला नाही, त्यामुळे ती सही करताना कागद मला दुसऱ्या हाताने धरावे लागले.

सही झाल्यावर माझ्या नवऱ्याने करार हातात घेतला. प्रत्येक पान वाचलं, प्रत्येक चौकट बोटाने तपासली. कोच बाई तोवर रव्याचा केक खात होत्या. त्याने शेवटचं पान उलटलं, त्याची मागची बाजू बघितली, कागद झटकून काही चिकटलंय का पाहिलं, आणि एवढ्या लोकांसमोर त्याच्या तोंडून निघून गेलं,

"सगळं बरोबर आहे, पण आईचं पान कुठाय?"