यंत्राला लावलेलं कुंकू

सुगंधा परब एकदा हसायला लागली की तिला आवरणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. दिंडोशीच्या घरात आई कपाळाला हात लावायची, "गे बाय माझे, निदान कामावर तरी नीट हस!" पण अंधेरीच्या एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत तिच्या हसण्याची सगळ्यांना सवय झाली होती. ही प्रयोगशाळा सामायिक. धातू मोजणारं यंत्र एकेकट्या कॉलेजला किंवा हॉस्पिटलला परवडत नाही, म्हणून सगळे आपापले नमुने इथे आणायचे. कुणी विहिरीचं पाणी, कुणी रस्त्यावरची धूळ, कुणी माणसांचं रक्त. यंत्र चालवायची सुगंधा, आणि त्याच्यावर तिचा भारी जीव.

म्हणूनच खंडेनवमीला तिने त्याची यथासांग पूजा केली. झेंडू वाहिला, नळ्या ठेवायच्या कप्प्याच्या झाकणावर कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलं. प्रयोगशाळेचे प्रमुख विद्याधर सर "हे कशाला, हे कशाला" म्हणत दोन पेढे खाऊन गेले.

सुट्टी संपल्यावर पहिलाच नंबर श्वेताचा होता. ती हॉस्पिटलातली संशोधक. घाटकोपरच्या टेकडीवरल्या वस्तीत काही मुलांच्या रक्तात शिसं सापडत होतं, आणि ते येतं कुठून ते तिला कळत नव्हतं. पाणी, भिंतींचा रंग, भांडी, सगळं तपासून झालं होतं. हाती भोपळा.

रक्ताआधी सुगंधाने नेहमीप्रमाणे नुसतं शुद्ध पाणी यंत्रातून सोडलं. पडद्यावरची रेघ सपाट यायला हवी होती. ती टुणकन वर उडाली.

"शुद्ध पाण्यात शिसं?" विद्याधर सर किंचाळले. "वाट लागली!"

नळ्या बदलल्या, पाणी बदललं. रेघ उडायची ती उडतच राहिली. श्वेता रडकुंडीला आली. सुगंधाने कप्प्याचं झाकण उघडलं, आणि बारीक लाल भुकटी तिच्या पांढऱ्या हातमोज्यावर भुरभुरली.

पूजेचं कुंकूच होतं ते. मग तिने ती चिमूट ॲसिडमध्ये विरघळवली, पातळ केली, पुन्हा पातळ केली आणि यंत्राला दिली. रेघ पडद्याच्या बाहेरच गेली! सुगंधाला जे हसू फुटलं, ते थांबेना. पोट धरून ती खाली बसली.

"हसतेस काय?" सर तडकले. "यंत्र खराब केलंस ना!"

"सर, यंत्र धुऊन देते," तिने डोळे पुसले. "पण श्वेता, तू कुंकू तपासलंस का गं?"

श्वेताचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कुंकू? कोण खातं कुंकू?"

"मोठी माणसं नाही खात. पोरं काय काय खातात ते तुला माहीत नाही!"

यंत्र धुवायला दोन दिवस लागले. ते होताच दोघी टेकडी चढून वस्तीतल्या मीराच्या घरी गेल्या. तिच्या चार वर्षांच्या मनालीच्या रक्तात शिसं सगळ्यात जास्त होतं. मनाली दारातच बाहुल्यांचं हळदीकुंकू मांडून बसली होती. प्रत्येक बाहुलीला बोट लावायचं, मग तेच बोट तोंडात घालून पुन्हा ओलं करायचं. तोंड लालेलाल.

सुगंधाने श्वेताचा हात इतका करकचून दाबला की ती ओरडली.

मीराचं सुटं कुंकू तपासलं, त्यातही शिसं निघालं. शेजारच्या घरांतलंही तसंच. श्वेताने घरोघरी फिरून बायकांना सांगितलं, आणि त्यांनी ते कुंकू बंद केलं. मनालीवर हॉस्पिटलात उपचार झाले.

काही महिन्यांनी मनालीचं रक्त पुन्हा आलं. रेघ चढू लागली, थोडी चढली आणि गपकन खाली बसली. सुगंधाने तिथल्या तिथे मीराला फोन लावला. पण फोन उचलला मनालीनेच.

"माझं रक्त पास झालं?"

"फर्स्ट क्लास!" सुगंधा ओरडली. यंत्राच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्याच होत्या. तिने धाव घेतली आणि गुळगुळीत फरशीवरून घसरत थेट विद्याधर सरांच्या दारापर्यंत पोचली. सर बाहेर आले, काहीतरी बोलणार होते, आणि मग तेच आधी हसले.